वेतन, बिदागी की खंड? शर्यतचालकांच्या मिळकतीविषयी

फॉर्म्युला वन शर्यतींतील अव्वल चालकांच्या मिळकतीचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध होतात आणि त्यांवरची चर्चाही दरवर्षी तीच होते. २०२४ साली मॅक्स व्हर्स्टापन यांना वेतन व बक्षीस मिळून साडेसात कोटी डॉलर मिळाले, असा 'फोर्ब्स' नियतकालिकाचा अंदाज होता. चालकांचे करार गुप्त असतात, म्हणून हा अंदाजच म्हणायचा. परंतु त्यात थोडे इकडेतिकडे झाले तरी आपल्या प्रश्नाचे स्वरूप बदलत नाही. महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात असा आकडा वाचला गेला की कोणीतरी त्याला आपल्या वार्षिक पगाराने भागून पाहतेच. आम्हीही भागून पाहिले. सातवाहनांच्या काळापासून एकही रजा न घेता शिकवीत आलो असतो, तरी ती रक्कम जमली नसती. या भागाकारानंतर कक्षात दोन तट पडतात. एक म्हणतो, गाडी गोल गोल फिरवण्याचे एवढे पैसे? दुसरा म्हणतो, तो जीव पणाला लावतो, आपण खडू झिजवतो. मग तासाची घंटा होते आणि प्रश्न तिथेच राहतो.

तो प्रश्न येथे जरा सावकाश पाहावा असा आमचा विचार आहे. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. अव्वल चालक या रकमांना 'पात्र' आहेत, असे आम्हांस वाटत नाही. त्याचबरोबर, ही रक्कम त्यांच्याकडून काढून घेतली म्हणजे न्याय झाला, असेही वाटत नाही. ही दोन विधाने परस्परांना छेद देणारी वाटतील. ती तशी का नाहीत, हे दाखवण्यासाठी आपल्या भाषेतल्या काही शब्दांची मदत घ्यावी लागेल.

मराठीत माणसाच्या हातावर पैसे ठेवण्याला नावे पुष्कळ आहेत. मजुरी, मेहनताना, पगार, वेतन, मानधन, बिदागी, इनाम, बक्षिसी, खंड. हे शब्द एकमेकांचे पर्याय म्हणून वापरले जातात खरे, पण प्रत्येकाच्या पोटात एकेक वेगळा दावा आहे. मजुरी श्रमाची असते, वेतन पदाचे, बिदागी कलेची. इनाम देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते आणि खंड घेणाऱ्याच्या मालकीहक्कावर. 'मिळाले ते योग्य आहे का?' हा प्रश्न प्रत्येक शब्दाच्या बाबतीत वेगळ्या कसोटीवर घासावा लागतो. मजुरी कमी पडली तर अन्याय होतो. इनाम कमी पडले तर फार तर हिरमोड होतो. तेव्हा चालकाला मिळणारे धन यांपैकी नेमके कोणते, हे आधी ठरवले पाहिजे.

ती जोखमीची किंमत आहे, हे उत्तर सर्वांत लोकप्रिय. ते १९९४ साली इमोला येथे जे घडले त्यावर घासून पाहावे. त्या आठवड्याअखेरीस तेथे दोन चालक मृत्यू पावले. शनिवारी, ३० एप्रिलला, पात्रताफेरीत ऑस्ट्रियाचे रोलांड रॅट्झेनबर्गर गेले. रविवारी, १ मे रोजी, प्रत्यक्ष शर्यतीत ब्राझीलचे आयर्टन सेन्ना गेले. सेन्ना तीन वेळा विश्वविजेते ठरले होते. आदल्या वर्षी मॅक्लारेन संघाकडून ते शर्यतीमागे दहा लाख डॉलर घेत असत, असे सांगितले जाते. रॅट्झेनबर्गर त्यांच्याहून जेमतेम चार महिन्यांनी लहान. सिमटेक नावाच्या नव्या आणि गरीब संघाशी त्यांचा केवळ पाच शर्यतींचा करार होता, आणि तोही एका प्रायोजकाच्या पैशावर झालेला. म्हणजे एकाला गाडी चालवण्याबद्दल पैसे मिळत होते आणि दुसऱ्याला गाडी चालवता यावी म्हणून पैसे आणावे लागत होते. मार्ग तोच, भिंती त्याच, मरणही तेच. किंबहुना कमकुवत संघाच्या गाडीत बसणाऱ्याने पत्करलेली जोखीम अधिकच म्हणावी लागेल.

सेन्ना यांच्या गाडीत नंतर ऑस्ट्रियाचा ध्वज सापडला. शर्यत संपल्यावर तो रॅट्झेनबर्गर यांच्या स्मरणार्थ फडकवण्याचा त्यांचा मनोदय होता, असे मानले जाते. साओ पावलो येथे सेन्ना यांच्या अंत्ययात्रेला लाखोंचा समुदाय लोटला. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स मोस्ली मात्र मुद्दाम साल्झबर्गला, रॅट्झेनबर्गर यांच्या अंत्यविधीला गेले. सगळे जग तिकडे गेले आहे, तेव्हा इकडेही कोणी असावे, अशी त्यामागची भावना त्यांनी पुढे बोलून दाखवली. पैशाने जी समानता ओळखली नव्हती, ती एका ध्वजाने आणि एका प्रवासाने ओळखली.

जोखमीचा युक्तिवाद आणखी एका ठिकाणी कोसळतो. मार्गाच्या कडेला झेंडे घेऊन, अग्निशामक नळकांडी घेऊन उभे असणारे मार्शल बहुतांशी स्वयंसेवक असतात. २००० साली मोंझा येथे अपघातग्रस्त गाडीचे चाक लागून एक स्वयंसेवक अग्निशामक मरण पावला. पुढच्याच वर्षी, २००१ साली, मेलबर्न येथे कुंपणातल्या फटीतून उडून आलेल्या चाकाने आणखी एका मार्शलचा बळी घेतला. पैसे जर जोखमीचे असते, तर या माणसांच्या वाट्याला काही तरी यायला हवे होते. उलट बाजूनेही पाहता येईल. चालकाच्या डोक्याभोवतीचे 'हॅलो' नावाचे कडे २०१८ पासून सक्तीचे झाले. २०२० साली बहारीनमध्ये रोमँ ग्रोजाँ यांची गाडी लोखंडी कठड्यात घुसली, तिचे दोन तुकडे झाले, आगीचा लोळ उठला. तरी ते त्यातून चालत बाहेर आले. सेन्ना यांच्या पिढीच्या मानाने आजचा चालक कितीतरी सुरक्षित आहे, आणि ही अत्यंत आनंदाची गोष्ट आहे. परंतु जोखीम उतरली म्हणून मिळकत उतरल्याचे काही दिसत नाही. तेव्हा ती जोखमीची किंमत नव्हे, हे मान्य करून पुढे जावे. एरवी आपल्या घाटांतून रात्री एसटी नेणाऱ्या चालकाचा पगारही आपल्याला नव्याने मोजावा लागेल.

मग ती कौशल्याची बिदागी असेल का? हा दावा जोखमीपेक्षा वजनदार आहे आणि त्याला हलक्याने झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. 'गाडी गोल गोल फिरवणे' असे म्हणणाऱ्यांनी ८ ऑक्टोबर २०२३ ची कतार येथील शर्यत पाहायला हवी होती. रात्रीची वेळ असूनही उष्मा आणि दमटपणा इतका, की एस्तेबान ओकाँ यांना शिरस्त्राणातच उलटी झाली आणि ते तसेच पुढे चालवीत राहिले. लोगन सार्जंट यांना प्रकृती ढासळल्याने शर्यत अर्धवट सोडावी लागली; लान्स स्ट्रोल यांना वळणांवर शुद्ध हरपल्यासारखे होत होते. ब्रेक दाबताना आणि वेगवान वळणांवर मानेवर डोक्याच्या वजनाच्या चार-पाच पट भार पडतो, तो दीड तास सोसायचा आणि त्या स्थितीत सेकंदाच्या शतांशाचे निर्णय घ्यायचे, हे खडू झिजवण्याहून वेगळे काम आहे यात शंका नाही.

पण त्याच शर्यतीत आणखी एक गोष्ट घडली. लँडो नॉरिस यांची गाडी चाके बदलण्यासाठी थांबली आणि मॅक्लारेनच्या माणसांनी चारही चाके १.८० सेकंदांत बदलून दिली. हा विक्रम ठरला. सुमारे वीस माणसे, प्रत्येकाच्या वाट्याला एक छोटी हालचाल, आणि त्या हालचालीत चूक झाली तर शर्यत हातची जाते. नॉरिस यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्या वीसजणांपैकी एकाचेही नाव आपल्यापैकी कोणाला सांगता येणार नाही. चालकाचे कौशल्य खरे आहे. ते एकट्याचे मात्र नाही.

मग यशात गाडीचा वाटा किती आणि माणसाचा किती? नियतीने याची दोन प्रात्यक्षिके करून दाखवली आहेत आणि ती परस्परविरुद्ध दिशांना बोट दाखवतात. डिसेंबर २०२० मध्ये साखीर येथील शर्यतीपूर्वी लुइस हॅमिल्टन यांना कोविड झाला. त्यांच्या मर्सिडीज गाडीत ऐनवेळी जॉर्ज रसेल यांना बसवण्यात आले. रसेल तेव्हा विल्यम्स या तळाच्या संघाकडून चालवीत आणि त्यांच्या खात्यावर कारकिर्दीतला एकही गुण नव्हता. त्या गाडीत बसताच ते पात्रताफेरीत दुसरे आले, शर्यतीत आघाडीवर राहिले, आणि चाकांचा घोटाळा व पुढे पंक्चर झाले नसते तर बहुधा जिंकलेही असते. हे उदाहरण गाडीच्या बाजूचे. दुसरे उदाहरण २०२३ सालचे. रेड बुलच्या गाडीतून व्हर्स्टापन यांनी २२ पैकी १९ शर्यती जिंकून ५७५ गुण मिळवले. त्याच संघाच्या तशाच गाडीतून सर्जिओ पेरेझ यांनी दोन शर्यती जिंकल्या आणि २८५ गुण मिळवले. हे उदाहरण माणसाच्या बाजूचे. दोन्ही एकत्र ठेवली की निष्कर्ष असा निघतो : चांगल्या गाडीवाचून असामान्य चालक दिसत नाही आणि असामान्य चालकावाचून चांगल्या गाडीचे पूर्ण मोल वसूल होत नाही. वाटे वेगळे काढता येत नाहीत. जे वेगळे काढता येत नाही, त्याचे एकट्याच्या नावे बिल करणे कठीण आहे.

येथे आपल्या अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतला एक जुना शब्द उपयोगी पडतो. डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ साली मांडलेला सिद्धांत मराठीत 'खंड सिद्धांत' म्हणून शिकवला जातो. जमिनीचा खंड जास्त आहे म्हणून धान्य महाग, असे नाही. धान्य महाग आहे म्हणून जमिनीला खंड मिळतो, असे त्यांचे म्हणणे होते. सुपीक जमीन मोजकी असते, ती वाढवता येत नाही, म्हणून ती ज्याच्या ताब्यात आहे त्याला केवळ ताब्याचे पैसे मिळतात. पुढच्या अर्थशास्त्रज्ञांनी ही कल्पना जमिनीवरून माणसांवर आणली. एखाद्याला त्या कामात टिकवून ठेवायला जेवढे पुरेल, त्याहून वर जे काही त्याला मिळते तो खंड.

या व्याख्येने पाहिले की शर्यतचालकाची मिळकत स्वच्छ दिसू लागते. फॉर्म्युला वनमध्ये २०२५ पर्यंत दहा संघ आणि वीस जागा होत्या. २०२६ पासून अकरा संघ आणि बावीस जागा आहेत. साऱ्या जगात जागा एवढ्याच. दहावा भाग मिळाला तरी कोणी अव्वल चालक गाडी सोडून दुसरा व्यवसाय धरील, असे आम्हांस वाटत नाही. कारण हे असे काम आहे की ते करायला मिळावे म्हणून माणसे पदरचे पैसे मोजतात. रॅट्झेनबर्गर त्यांतले एक. ज्या कामासाठी कोणी पैसे मोजायला तयार आहे, त्याच कामाबद्दल दुसऱ्याला कोट्यवधी मिळत असतील, तर ते कोटी कष्टांचे नसून दुर्मीळ जागेचे आणि त्याहून दुर्मीळ अशा शेवटच्या दोन-तीन दशांश सेकंदांचे असतात. सुपीक जमिनीचा खंड तो हाच.

ही दुर्मीळता निखळ गुणवत्तेची आहे, असेही छातीठोकपणे सांगता येत नाही. मर्सिडीज संघाचे प्रमुख टोटो वोल्फ यांनी एकदा हिशेब मांडला होता : लहानपणीच्या कार्टिंगपासून फॉर्म्युला वनच्या दारापर्यंत पोचायला हुशार मुलालाही सुमारे ऐंशी लाख युरो लागतात. हॅमिल्टन यांच्या वडिलांनी एकाच वेळी अनेक नोकऱ्या करून मुलाचे कार्टिंग चालवले आणि १९९८ मध्ये मॅक्लारेनने त्या तेरा वर्षांच्या मुलाला पंखाखाली घेतले, ही कथा आपण वारंवार ऐकतो, ती ती विरळा आहे म्हणूनच. कोइम्बतूरचे नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरणारे पहिले भारतीय ठरले, ते प्रायोजकांच्या पाठबळानेच. मुंबईचे जेहान दारूवाला फॉर्म्युला टूपर्यंत पोचले, तेथे शर्यती जिंकले, पण पुढचे दार उघडले नाही. तेव्हा आपण ज्यांना जगातले सर्वोत्तम बावीस म्हणतो, ते ज्यांना उंबरठ्यापर्यंतचे भाडे परवडले त्यांच्यातले सर्वोत्तम होत.

यावर एक तात्त्विक आक्षेप संभवतो. अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ साली बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेन यांचे उदाहरण घेतले होते. समजा प्रत्येक प्रेक्षकाने तिकिटाखेरीज पंचवीस सेंट खुशीने चेंबरलेन यांच्या नावाच्या पेटीत टाकले आणि ते श्रीमंत झाले. प्रत्येकाने स्वेच्छेने दिले असेल, तर तक्रार कोणाची आणि कशाबद्दल? युक्तिवाद देखणा आहे. पण शर्यतीच्या मैदानावर अशी पेटीच नाही. येथला पैसा प्रक्षेपणहक्कांतून येतो, प्रायोजकांकडून येतो आणि शर्यत आपल्याकडे व्हावी म्हणून यजमानांनी भरलेल्या शुल्कातून येतो. अनेक ठिकाणी हे यजमान म्हणजे सरकारेच असतात. ज्या करदात्याने कधी शर्यत पाहिली नाही, त्याचे पंचवीस सेंटही त्या पेटीत पडतात, आणि त्याला कोणी विचारलेले नसते. १९६८ पासून कित्येक दशके या खेळाच्या गाड्या तंबाखूच्या रंगांत रंगल्या होत्या. ती पेटी धूम्रपान करणाऱ्यांनी भरली. तीही खुशीने, असे म्हणायला जीभ रेटत नाही.

या साऱ्या प्रकाराचा सर्वांत स्पष्टवक्ता साक्षीदार म्हणजे निकी लाउडा. व्हिएन्नाच्या उद्योजक घराण्यातला हा तरुण घरच्यांच्या विरोधाला न जुमानता आयुर्विम्याच्या तारणावर कर्ज काढून या खेळात शिरला. १ ऑगस्ट १९७६ रोजी न्युर्बुर्गरिंग येथे तो आगीत होरपळला. अंत्यसंस्काराच्या प्रार्थनाही झाल्या. सहा आठवड्यांनी जखमा ओल्या असताना तो मोंझाला शर्यतीत उतरला आणि चौथा आला. भाजलेल्या डोक्यावर तो पुढे आयुष्यभर लाल टोपी घालीत असे आणि त्या टोपीवरची जागा त्याने जाहिरातदाराला विकली होती. दोन वर्षांच्या निवृत्तीनंतर १९८२ मध्ये परतताना त्याने प्रचंड रक्कम मागितली. प्रायोजकांनी आश्चर्य व्यक्त केले तेव्हा त्याने दिलेले उत्तर त्याच्या आठवणींतून प्रसिद्ध आहे : गाडी चालवण्याचा मी एकच डॉलर मागतो आहे, उरलेले सगळे माझ्या व्यक्तिमत्त्वाचे.

हे उत्तर उद्धट म्हणून सांगितले जाते. आम्हांस ते विलक्षण प्रामाणिक वाटते. आपल्याला मिळणारा पैसा श्रमाचा नाही आणि जोखमीचाही नाही, हे ज्याने जोखमीची किंमत स्वतःच्या चेहऱ्यावर मोजली होती त्याने सांगावे, यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा? पुनरागमनानंतर १९८४ मध्ये तो अर्ध्या गुणाने पुन्हा विश्वविजेता झाला, ही त्या एका डॉलरची कमाई.

येथवर चालकांच्या विरुद्ध बोललो. आता दुसरी बाजू. खंड आहे म्हणून तो अन्यायाचा, असे लगेच ठरत नाही. तो चालकाने घेतला नाही तर कोणाकडे जाईल, हे विचारावे लागते. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये हा प्रयोग साठ वर्षे झाला. १९०१ पासून १९६१ पर्यंत तेथे खेळाडूंच्या वेतनाला कमाल मर्यादा होती. अखेरीस ती आठवड्याला वीस पौंड होती. मैदाने खच्चून भरत. पण वाचलेला पैसा मैदान झाडणाऱ्याला किंवा तिकीट फाडणाऱ्याला मिळाला नाही. तो क्लबांच्या तिजोरीत राहिला. खेळाडूंनी संपाची धमकी दिली तेव्हा ती मर्यादा उठली. फॉर्म्युला वनचा व्यवहार २०१७ पासून लिबर्टी मीडिया या अमेरिकन कंपनीच्या हाती आहे. चालकांनी उद्या दानशूर होऊन निम्मी रक्कम नाकारली, तर ती संघमालकांच्या हिशेबात जमा होईल. हे मालक किती सावध असतात, याचा अनुभव आपल्याला आहे. २०११ ते २०१३ या काळात ग्रेटर नोइडा येथे झालेल्या शर्यतींच्या शुल्कावर भारतात कर लागतो की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१७ मध्ये न्यायालयाने तो लागतो असा निर्णय दिला.

शिवाय अव्वल चालक झाला तरी तो अखेर नोकरच, हेही विसरून चालत नाही. १९८२ च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेत चालकांनी संप केला, तो पैशासाठी नव्हता. नव्या परवान्यातल्या कलमाने त्यांना संघाशी बांधून टाकले होते, त्याविरुद्ध होता. लाउडा आणि दिदिए पिरोनी यांच्या पुढाकाराने हे नामवंत जोहान्सबर्गच्या एका हॉटेलच्या खोलीत जमिनीवर गाद्या टाकून रात्रभर एकत्र राहिले. २०१३ मध्ये किमी रायकोनेन या माजी विश्वविजेत्याने वर्षभरात आपल्याला एक युरोही मिळालेला नाही असे जाहीर सांगितले आणि शेवटच्या दोन शर्यती सोडून पाठीच्या शस्त्रक्रियेसाठी निघून गेला. २०१८ मध्ये विजय मल्ल्या यांच्या फोर्स इंडिया संघाची देणी थकली, तेव्हा ज्याचे स्वतःचे पैसे अडकले होते त्या पेरेझ यांनीच संघ न्यायालयीन प्रशासनात नेण्याची कारवाई केली. संघ बुडाला असता तर सुमारे चारशे माणसांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. त्या वाचवण्यासाठी आपल्याला हे करायला सांगण्यात आले, असे त्यांनी सांगितले. मालकाशी असलेल्या व्यवहारात चालकाचा हक्क आम्ही बिनशर्त मान्य करतो. ठरलेली रक्कम, कितीही मोठी असो, मिळालीच पाहिजे.

तेव्हा खरा पेच चालक आणि मालक यांच्यातला नाही. तो चालक आणि चाके बदलणारे वीसजण यांच्यातला आहे, आणि २०२१ पासून तो लेखी स्वरूपात उपलब्ध आहे. त्या वर्षी फॉर्म्युला वनने संघांच्या खर्चावर वर्षाला साडेचौदा कोटी डॉलरची मर्यादा घातली. श्रीमंत संघांनी पैशाच्या जोरावर लहानांना चिरडू नये, हा हेतू चांगला होता, आणि शर्यती त्यामुळे अधिक चुरशीच्या झाल्या हेही खरे. पण त्या मर्यादेत काय धरायचे आणि काय वगळायचे, हे वाचण्यासारखे आहे. चालकांचे वेतन वगळले. संघातल्या सर्वाधिक वेतनाच्या तीन व्यक्तींचे वेतन वगळले. जाहिरात-विपणन वगळले. मेकॅनिक, फिटर, रंगारी, आरेखक, अभियंते हे सारे मर्यादेच्या आत राहिले. याचा अर्थ असा की चालकाला आणखी एक कोटी द्यायचे तर फक्त इच्छा आणि पैसा लागतो; मेकॅनिकला आणखी हजार द्यायचे तर तेवढे दुसरीकडे वाचवावे लागतात.

पहिल्याच वर्षी रेड बुल संघाने ही मर्यादा ओलांडली आणि २०२२ मध्ये त्याला सत्तर लाख डॉलर दंड झाला. कोणता खर्च चुकीच्या खात्यात दाखवला गेला, याची जी यादी महासंघाने जाहीर केली, तिच्यात कर्मचाऱ्यांच्या खानपानाचा खर्च होता. त्या वर्षी त्याच संघाचा चालक विश्वविजेता झाला होता आणि त्याचे कोट्यवधींचे वेतन कोणत्याही खात्यात मोजायचे नव्हते. जेवणाचे ताट मोजले गेले आणि मुकुट मोजला गेला नाही. नियम मोडला हे खरे, दंड योग्यच. आमचा रोख नियम ज्यांनी केला त्यांच्या नजरेवर आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे. चालकाच्या मिळकतीला 'पात्र' हा शब्द लावूच नये. तो घेतो तो खंड आहे. मालकाने घेण्यापेक्षा त्याने घेतलेला बरा, इतकेच त्याचे समर्थन. 'पात्र' हा शब्द जेथे लागू पडतो तेथे राखून ठेवावा. १.८० सेकंदांत चाक बसवणारा मेकॅनिक विजयाच्या रकमेतल्या ठरलेल्या हिश्शाला पात्र आहे. खर्चाची मर्यादा ठेवायची असेल तर ती वरच्या तिघांपासून आणि चालकापासून सुरू व्हावी, आणि तळाच्या वेतनांना तिच्यातून मोकळीक मिळावी; आज नेमके उलटे आहे. आणि झेंडा धरून उभा असलेला स्वयंसेवक निदान पक्क्या कुंपणाला आणि आपल्या कुटुंबापुरत्या विम्याला तरी पात्र आहे.

येथे आमच्या प्राध्यापक-कक्षाकडे परत येणे भाग आहे, कारण शब्दांची ही चलाखी आपल्याही घरात चालते. आमच्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारे सहकारी आहेत. आम्ही शिकवतो तेच ते शिकवतात, तीच मुले, तोच अभ्यासक्रम. आम्हांस मिळते ते वेतन. त्यांना मिळते त्याचे नाव मानधन. अंगणवाडी सेविकेला मिळते तेही मानधनच. 'मान' आणि 'धन' या दोन शब्दांच्या संधीत वेतनाचा हक्क कसा नाहीसा होतो, हे भाषेच्या अभ्यासकांना तरी दिसायला हवे. वेतनावर हक्क सांगता येतो, वेतनवाढ मागता येते. मानधनाबद्दल आभार मानायचे असतात. चालकाच्या खंडाला आपण 'गुणवत्तेचे मोल' म्हणतो आणि सहकाऱ्याच्या मजुरीला 'मान' म्हणतो. दोन्ही ठिकाणी चुकीचा शब्द वापरून आपण हिशेब टाळतो.

परवा कक्षात पुन्हा तोच आकडा निघाला, पुन्हा भागाकार झाला, सातवाहन पुन्हा एकदा कामी आले. सगळे हसले. तासिका तत्त्वावरचा आमचा सहकारी त्या हशात नव्हता. तास संपताच तो पुढच्या महाविद्यालयाची एसटी पकडायला निघून गेला होता. व्हर्स्टापन यांच्या मिळकतीला आपल्या पगाराने भागण्याऐवजी आपल्या पगाराला त्याच्या मानधनाने भागून पाहावे, असे त्या दिवशी आमच्या मनात आले. तो भागाकार आम्ही घरी येऊन केला. उत्तर हजारांत आले नाही, पण हसू मात्र आले नाही.